सौद्याच्या इंग्रजीतला होकार ओळखायचा कसा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे आणि पदविकेचे निकाल लागले की आपल्या अंकाच्या घडीतून इंग्रजी संभाषण वर्गांची रंगीत पत्रके घरात येऊ लागतात. अलीकडे त्यांत व्यापारी इंग्रजीचे वेगळे वर्ग दिसतात आणि त्यांची फीसुद्धा वेगळी असते. माझ्या शेजारचा एक मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विक्री विभागात नुकताच लागला आहे. अशाच एका वर्गात मिळालेली टिपणे घेऊन तो परवा माझ्याकडे आला. वाटाघाटी आणि करार या विषयावरचे साठ-पासष्ट इंग्रजी वाक्प्रचार डाव्या बाजूला आणि त्यांचे मराठी अर्थ उजव्या बाजूला, अशी ती टिपणे होती. मुलगा हुशार असल्यामुळे सगळे वाक्प्रचार त्याला पाठ होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला, की यांपैकी कोणते वाक्य गिऱ्हाइकाने लिहिले तर तू उद्या सकाळी कामाला हात घालशील आणि कोणते लिहिले तर थांबशील? त्याला उत्तर देता आले नाही. त्याच्या टिपणांत ते कुठेच नव्हते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध पुस्तकी नाही. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या कार्यालयात मी तीस वर्षे पत्रव्यवहार सांभाळला. टंकलेखन यंत्र, मग टेलेक्स, मग फॅक्स आणि शेवटची काही वर्षे ई-मेल, असा तो प्रवास झाला. मालकांचे शिक्षण बेताचे होते, परंतु लोखंडाच्या रसाकडे पाहून त्यात काय कमी आहे ते सांगणारी त्यांची नजर होती. इंग्रजी कागद आला की ते माझ्यापुढे सरकवत आणि विचारत, "काय म्हणतोय? होय का न्हाय?" शब्दाचा अर्थ त्यांनी मला कधीच विचारला नाही.

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा दिले आणि ते महागात पडले. परदेशातील एका खरेदीदाराला पंपाच्या एका भागाचा दर आम्ही किलोमागे कळवला होता. त्याचे उत्तर आले, 'युवर प्राइस इज इन द राइट बॉलपार्क.' शब्दकोशात बॉलपार्क म्हणजे मैदान एवढेच होते. 'राइट' हा शब्द मला कळत होता आणि तो आनंदाचा होता. दर पसंत पडला आहे, असे मी मालकांना सांगून टाकले. त्यांनी त्याच दिवशी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना, करणाऱ्याला बोलावून सागवानी पॅटर्नचे काम दिले. तीन आठवड्यांनी खरेदीदाराचे दुसरे पत्र आले, त्यात दराची फोड मागितली होती आणि आणखी दोघांचे दर यायचे आहेत असेही नमूद केले होते. ऑर्डर पुढे आलीच नाही. तो पॅटर्न स्टोअरच्या माळ्यावर मी निवृत्त होईपर्यंत पडून होता आणि वर जाणारे प्रत्येक जण त्यावर टिचकी मारून मला हाक मारी.

बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे मैदान. आकडा त्या मैदानाच्या आत पडला आहे, म्हणजे तो अगदीच भलतीकडे गेलेला नाही, एवढेच त्या वाक्यात होते. आपल्याकडे 'दर ऐकण्यासारखा आहे' असे म्हणतात, तितकेच त्याचे वजन. दर ऐकण्यासारखा आहे, असे म्हणणाऱ्या माणसासाठी कोल्हापुरात कोणी पॅटर्न करायला घेत नाही.

यात कायद्याचेही एक अंग आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या सातव्या कलमात, प्रस्तावाचे वचन व्हायचे असेल तर त्याचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो, असे स्पष्ट म्हटले आहे. 'दर मान्य आहे, परंतु माल चार आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांत हवा' हा स्वीकार ठरत नाही, तो समोरच्याने ठेवलेला नवा प्रस्ताव ठरतो. वाक्प्रचार कितीही गोड असला, तरी या कलमाच्या कसोटीला तो उतरतो का, हे पाहण्याची सवय व्यापारी इंग्रजी शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे. माझ्या शेजारच्या मुलाच्या टिपणांत कलमाचा उल्लेख नव्हता आणि असावा अशी अपेक्षाही मी करत नाही. परंतु 'बॉलपार्क' आणि 'यू हॅव गॉट अ डील', म्हणजे सौदा पक्का, हे दोन्ही वाक्प्रचार तिथे 'सहमती दर्शवणे' या एकाच मथळ्याखाली शेजारी शेजारी बसवले होते, हे मात्र अक्षम्य आहे.

हा फरक ओळखण्याची अक्कल आपल्या लोकांना नाही असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. मराठीत हीच माणसे किती बारीक ऐकतात ते पाहावे. 'बघू' म्हणजे नाही, 'बघून सांगतो' म्हणजे बहुधा नाही, 'बघूया की' म्हणजे जरा खाली या, 'होऊन जाईल' म्हणजे मन झाले आहे पण पैसे हातात नाहीत, आणि 'इसार घ्या' म्हटल्यावर बोलणे संपले. वडगावच्या जनावरांच्या बाजारात तर दोन माणसे टॉवेलाखाली हात घालून, तोंडातून अक्षर न काढता, बोटे दाबून बैलजोडीचा भाव करताना मी लहानपणी पाहिली आहेत. शेवटचे बोट कोणते आणि त्यानंतर हात सोडला की झटकला, यावरून सौदा झाला की मोडला ते भोवतीच्यांना न सांगता कळायचे. आपली भाषासुद्धा या बाबतीत मोठी शहाणी आहे. 'बोली' या एकाच शब्दात आपण भाषा, लिलावात पुकारलेली किंमत आणि व्यवहाराची अट असे तिन्ही अर्थ ठेवले आहेत. 'दिवाळीला परत करायच्या बोलीवर' दिलेले पैसे कोणत्या अटीवर दिले, हे कोणाला विचारावे लागत नाही.

लग्नाच्या बैठकीतही तेच आहे. बोलणी सुरू झाली, बोलणी पुढे गेली, याद्या झाल्या, सुपारी फुटली, या पायऱ्या आहेत आणि कोणत्या पायरीवरून माघार घेतली तर किती बोभाटा होतो, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. (मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाचे काय होत असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. सुपारी फोडणे म्हणजे सोयरीक पक्की करणे, तमाशाला सुपारी देणे म्हणजे आगाऊ रक्कम देऊन तारीख धरणे, आणि माणसाची सुपारी देणे म्हणजे थेट फौजदारी गुन्हा. त्याच्या टिपणांत हे तिन्ही अर्थ एकाखाली एक लिहिलेले असतील, तर देवच त्याला तारो.)

गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसदरासाठी शेतकरी संघटना आणि कारखानदार यांच्या बैठका सुरू होतात, तेव्हा आपले दैनिकही रोज हेच काम करत असते. 'बैठक निष्फळ', 'तोडगा दृष्टिपथात' आणि 'कोंडी फुटली' या तीन मथळ्यांतील अंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला कळते. तोडगा दृष्टिपथात आहे, एवढ्यावर कोणी फडात कोयता लावू देत नाही. कोंडी फुटली म्हटल्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या बाहेर पडतात. इंग्रजीत नेमक्या याच अंतरासाठी 'वी आर गेटिंग देअर' आणि 'वी हॅव ब्रोकन द डेडलॉक' असे दोन वेगळे प्रयोग आहेत. एवढी जोड लावून दिली, तर आपल्या मुलाला ते दोन्ही जन्मात विसरायला होणार नाहीत.

'ॲग्रीड इन प्रिन्सिपल' शिकवायला तर महाराष्ट्रात फारसे कष्टच नकोत. 'तत्त्वतः मान्य' हे शब्द आपण इतक्या वेळा वाचले आहेत, की त्यांच्यापुढे काय येते हे आपल्याला पाठ झाले आहे. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकषांसह' या तीन शब्दांची चर्चा गावच्या पारावर महिनोन्महिने चालली होती आणि तत्त्वतः मिळालेले हाती किती पडते, याचे शिक्षण त्या चर्चेतून शेतकऱ्यांना मिळाले. परदेशी खरेदीदार 'इन प्रिन्सिपल' म्हणतो, तेव्हा तोही दिशा मान्य करत असतो आणि तपशील राखून ठेवत असतो. ते ऐकून आनंद मानायला हरकत नाही, भट्टी पेटवायला मात्र आहे.

हे वाक्प्रचार कोणत्या मातीतून आले, ते सांगितल्याशिवाय त्यांचे वजन कळणे कठीण जाते. खासबागेच्या मैदानाने आपल्या बोलण्याला शड्डू ठोकणे, अस्मान दाखवणे, चितपट करणे, कुस्ती निकाली होणे असे शब्द दिले. कुस्ती न पाहिलेला माणूसही ते वापरतो, परंतु पाहिलेल्याला त्यातली रग कळते. अमेरिकी व्यापाऱ्याच्या बोलण्यात बेसबॉल तसाच भरलेला आहे. 'प्लेइंग हार्डबॉल' म्हणजे कठोरपणे, दयामाया न दाखवता वाटाघाट करणे. हार्डबॉल म्हणजे खऱ्या बेसबॉलचा टणक चेंडू आणि त्याच्या उलट सॉफ्टबॉलचा खेळ. ब्रिटिश माणूस 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' म्हणतो, म्हणजे बोलणी सुरू असतानाच अटी बदलतो अशी तक्रार करतो, तेव्हा त्यात फुटबॉल असतो आणि फुटबॉल हा आपल्या पेठांचाच खेळ असल्याने कोल्हापूरकराला तो शब्द फोडून सांगावा लागत नाही. पत्त्यांचे डावही आहेतच. हातातले पत्ते उघडे करणे आणि हुकमाचे पान राखून ठेवणे हे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच असल्यामुळे त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

या ठिकाणी आपल्या दैनिकाविषयीही एक तक्रार नोंदवतो, ती राग न मानता वाचावी. 'चेंडू आता सरकारच्या कोर्टात' असा मथळा आपल्याकडे वरचेवर असतो. मूळ इंग्रजी वाक्प्रचारातील कोर्ट टेनिसचे आहे आणि पुढची खेळी समोरच्याने करायची आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. परंतु उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी ज्या शहराने कित्येक वर्षे आंदोलन केले आणि जिथे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले, त्या शहरात कोर्ट म्हटल्यावर टेनिस कोणाच्या डोळ्यापुढे येणार? 'आता सरकारने काय ते सांगायचे' एवढे लिहिले, तरी वाचकाला पुरते.

कारखान्याच्या माणसाची फसगत आणखी एका दिशेने होते, कारण काही वाक्प्रचारांतले शब्द त्याच्या रोजच्या कामातलेच असतात. 'हॅमर आउट अ डील' यात हातोडा आहे आणि तो आपल्याला बरोबर लागू पडतो. दोन्ही बाजूंनी घाव घालून, तापवून, वाकवून शेवटी आकाराला आणलेला करार, असा तो अर्थ आहे आणि लोहाराच्या पोराला तो एका वाक्यात कळतो. परंतु 'आयर्न आउट द डिफरन्सेस' मधल्या आयर्नचा लोखंडाच्या रसाशी काही संबंध नाही, ती कपड्यांची इस्त्री आहे. मतभेदांच्या बारीक सुरकुत्या काढायच्या राहिल्या आहेत, असे त्यातून सुचवायचे असते. म्हणजे मोठी बोलणी झाली आहेत आणि ही बातमी चांगली आहे. उलट 'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड' हे वाक्य आले, तेव्हा आमच्या कार्यालयात सगळे खूश झाले. सुधारित ड्रॉइंग येणार असे समजून आमच्या पॅटर्न विभागाने दुसरे काम बाजूला ठेवले आणि मी आठ दिवसांत दोन स्मरणपत्रे पाठवली. हा वाक्प्रचार १९४१ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातील एका व्यंगचित्रामुळे प्रचारात आला. विमान कोसळले आहे, माणसे तिकडे धावत आहेत, आणि त्याचा रचनाकार नकाशाची गुंडाळी काखेत मारून शांतपणे उलट दिशेने चालला आहे, असे ते चित्र आहे. खरेदीदाराने आम्हाला कळवले होते, की त्यांची योजना फसली आहे आणि सगळे मुळापासून सुरू करायचे आहे. ते चित्र मला तेव्हा कोणी दाखवले असते, तर ती दोन स्मरणपत्रे गेली नसती.

इंग्रजी बोलणारी दोन राष्ट्रे एकमेकांशी बोलतानाही हे घडते, हे मुलांना सांगितले तर त्यांची भीती थोडी कमी होईल. 'टेबल' या क्रियापदाचा ब्रिटिश अर्थ विषय चर्चेला घेणे असा आहे, तर अमेरिकी अर्थ तो बाजूला ठेवणे असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते आणि त्यांनी ते टेबल करावे असे सुचवले. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटले, की हे टिपण खणात टाकायला निघाले आहेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे हे लक्षात आले, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपण 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' म्हणतो, म्हणजे आपण ब्रिटिशांच्या बाजूचे. गिऱ्हाईक अमेरिकेचे असेल, तर हा शब्द पत्रात वापरूच नये, असे माझे मत आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे जातो. 'स्प्लिट द डिफरन्स' आणि 'मीट हाफवे' या दोघांपुढे त्या टिपणांत 'तडजोड करणे' एवढाच अर्थ होता. व्यवहारात हे दोन अगदी निराळे आहेत. आपण किलोला ९६ रुपये सांगितले, समोरच्याने ८४ म्हटले आणि फरक निम्मा करू असे ठरले, तर ९० हा आकडा गणिताने निघतो आणि वादाला जागा उरत नाही. परंतु हाफवे भेटू असे म्हणणारा माणूस ८६ पर्यंत येऊनही 'मी माझ्या बाजूने पुढे आलो आहे, आता तुम्ही या' असे म्हणू शकतो, कारण त्याने मध्यबिंदू कबूल केलेलाच नसतो, फक्त चालायची तयारी दाखवलेली असते. शिवाय फरक निम्मा करण्यातही एक मेख आहे. पहिला आकडा ९६ ऐवजी १०० सांगितला असता, तर मधला आकडा ९० ऐवजी ९२ आला असता. म्हणजे मध्य कोठे पडणार, हे पहिल्या आकड्यांनीच ठरवून टाकलेले असते. जो प्रामाणिकपणे पहिल्याच फटक्यात आपला खरा दर सांगतो, त्यालाच या निम्म्यानिम्मेत तोटा होतो. आमचे मालक तसे होते. फरक निम्मा करू, असे कोणी म्हटले की ते मान हलवत आणि मला लिहायला सांगत, की आमच्या दरात निम्मे करण्याजोगे काही ठेवलेलेच नाही, हवी तर फोड पाठवतो. या वाक्यासाठी इंग्रजी वाक्प्रचार शोधायला मी कधी गेलो नाही. साध्या इंग्रजीत लिहीत असे आणि ते समोरच्याला कळत असे.

यावरून आणखी एक गोष्ट सुचते. वाक्प्रचार ओळखता येणे आणि तो स्वतः वापरणे या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. आपल्या दुकानदाराने 'घ्यायचं तर घ्या, न्हाय तर राहू द्या' म्हटले, तरी त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पाहून गिऱ्हाईक परत वळते आणि दोन रुपये कमी करून वस्तू घेते. तेच 'टेक इट ऑर लीव्ह इट' एका उत्साही सहकाऱ्याने ई-मेलमध्ये लिहिले, तेव्हा समोरून पुन्हा उत्तर आले नाही. कागदावर हसू उमटत नाही. नवख्याने वाचताना शंभर वाक्प्रचार ओळखावेत आणि लिहिताना पाचाच्या पुढे जाऊ नये. जिथे होकाराविषयी शंका वाटेल, तिथे सरळ विचारावे, की आपण ही ऑर्डर दिली असे आम्ही धरावे काय आणि पर्चेस ऑर्डर कोणत्या तारखेला येईल? खुंटा हलवून बळकट करण्याची आपली जुनी सवय आहे. इंग्रजी भाषा समोर आली की ती का सुटते आणि विचारणे कमीपणाचे का वाटू लागते, हे मात्र मला तीस वर्षांत उमगले नाही.

वर्गचालकांना माझी विनंती आहे, की यादी द्यायचीच असेल तर अर्थाच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात त्या वाक्यानंतर काम सुरू करायचे, विचारणा करायची की थांबायचे, एवढे लिहावे. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल येथील कारखान्यांत खरेदी-विक्रीचे काम केलेली अनुभवी माणसे आपल्याच शहरात निवृत्त होऊन बसली आहेत. त्यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलावले आणि एकाने खरेदीदार, दुसऱ्याने विक्रेता होऊन मुलांसमोर तासभर घासाघीस केली, तर टिपणांच्या दहा पानांपेक्षा जास्त काम होईल. आपल्या दैनिकालाही एक सुचवावेसे वाटते. रोजचा एक इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह छापण्याची पद्धत अनेक वृत्तपत्रांत आहे. तिच्याऐवजी आठवड्यातून एकदा चार-पाच ओळींचा खरा व्यापारी संवाद छापावा आणि सौदा झाला की नाही, ते वाचकांना विचारावे. उत्तर पुढच्या आठवड्यात द्यावे.

अशा संवादांसाठी साहित्य हवे असेल, तर निवृत्त होताना मालकांच्या परवानगीने घरी आणलेल्या जुन्या फॅक्सच्या प्रती माझ्याकडे दोन फायलींत आहेत. फॅक्सचा कागद पिवळा पडून अक्षरे उडू लागल्यामुळे त्यांतल्या बऱ्याचशा मी हाताने उतरवून ठेवल्या आहेत. नावे, पत्ते आणि दर खोडून त्या आपल्याकडे आणून देण्याची माझी तयारी आहे. बॉलपार्कचे पत्रही त्यात आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पत्रव्यवहार लिपिक
राजारामपुरी, कोल्हापूर